लाट वाचणारा कॅमेरा

बेळगाव-निपाणी पट्ट्यात लांब पल्ल्याची लेन्स आता नवलाची राहिलेली नाही. कुणी दांडेलीचा धनेश टिपायला १५०-६०० मिलिमीटरची घेतलेली असते, कुणी भीमगडच्या रानासाठी. चिकोडी-रायबागकडे बैलगाडी शर्यतींचे फोटो काढणाऱ्या पोरांकडे ७०-२०० तरी असतेच. बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने पणजी सुमारे सव्वाशे किलोमीटर. निपाणीकरांना संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी अशी सरळ वाट. इतका जवळ समुद्र असूनही ही लेन्स तिथे पिशवीतून निघते ती बहुतेक वेळा सूर्यास्तासाठीच. त्याच किनाऱ्यावर सकाळी सहा-सातच्या सुमाराला फळी बगलेत मारून पाण्यात शिरणारी मंडळी असतात आणि त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

सर्फिंग, म्हणजे फुटत्या लाटेच्या उतारावरून फळीवर उभं राहून घसरत जाणं, हा जगातल्या सर्वांत जास्त फोटो निघालेल्या खेळांपैकी एक आहे. हा खेळ पाहणाऱ्यापासून लांब, पाण्यात घडतो. एक फेरी जेमतेम दहा-पंधरा सेकंदांत संपते आणि ती लाट पुन्हा येत नाही. मैदानावर चौकट आखलेली असते, इथे मैदानच दर मिनिटाला नवं तयार होतं आणि मोडतं. म्हणून या खेळात फोटोग्राफर कुठे उभा राहिला यावर निम्म्याहून जास्त चित्र ठरतं. उभं राहण्याची एक उत्तम जागा जगभरच्या सर्फ फोटोग्राफरांनी फार पूर्वीच हेरली : समुद्रात आत शिरलेला धक्का, ज्याला इंग्रजी मुलखात पिअर म्हणतात.

कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचचा पिअर हे याचं ठळक उदाहरण. १९०४ साली तिथे लाकडी पिअर होता. १९१४ मध्ये काँक्रीटचा झाला आणि त्याच्या उद्घाटनाला जॉर्ज फ्रीथ या हवाईहून आलेल्या सर्फरने प्रात्यक्षिक केलं. १९८३ आणि १९८८ च्या वादळांनी त्याची मोडतोड केली आणि आज उभा असलेला पिअर १९९२ मध्ये खुला झाला. लांबी १,८५० फूट, म्हणजे साधारण ५६४ मीटर. यूएस ओपन ही मोठी स्पर्धा याच पिअरला लागून भरते. खांबांभोवती वाळू साचून लाटा बऱ्या फुटतात, सर्फर पिअरच्या जवळ येतात आणि कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाला ते तीस-चाळीस मीटरवर, कधी थेट पायाखाली दिसतात.

वाळूवर उभ्या असलेल्या फोटोग्राफरला लाट समोरून दिसते. पांढऱ्या फेसाच्या दोन-तीन ओळी मध्ये आडव्या येतात आणि त्यांच्यामागे सर्फर कमरेपर्यंत झाकलेला असतो. धक्क्यावरून तीच लाट बाजूने दिसते. तिचा उतार, वर वळलेली कड, कड पुढे कोसळताना आत तयार होणारी पोकळी, त्या पोकळीच्या तोंडाशी वाकून बसलेला माणूस हे सगळं एका चौकटीत येतं. सर्फर धक्क्याच्या दिशेने येत असेल तर चेहरा मिळतो, दूर जात असेल तर त्याने पाण्यावर ओढलेली रेघ मिळते. किंमतही मोजावी लागते. उंचावरून खाली पाहिलं की लाट बुटकी दिसते. डोक्याइतकी लाट फोटोत कमरेएवढी वाटते आणि पहिल्यांदा धक्क्यावर गेलेला माणूस घरी येऊन हिरमुसतो. म्हणून जाणकार मंडळी धक्क्याच्या टोकापर्यंत जात नाहीत. लाट जिथे फुटते त्या रेषेच्या थोडं अलीकडे, कठडा जितका खाली असेल तितकं बरं, अशी जागा ते धरतात.

या कलेच्या इतिहासातली काही नावं सांगायला हवीत. टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरने कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पेटी स्वतः बनवली आणि वाइकीकीच्या लाटांमधून काढलेले त्याचे फोटो १९३५ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकात आले. त्याच काळात लॉस एंजेलिसजवळ जॉन बॉल नावाचे दंतवैद्य मित्रांचे सर्फिंगचे फोटो काढत होते. त्यांचं 'कॅलिफोर्निया सर्फरायडर्स' हे पुस्तक १९४६ साली निघालं. लीरॉय ग्रॅनिस यांची गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. १९१७ मध्ये हर्मोसा बीचला जन्मलेला हा माणूस टेलिफोन कंपनीत नोकरीला होता. चाळिशी ओलांडल्यावर अल्सरचा त्रास सुरू झाला, तेव्हा डॉक्टरांनी मन रमेल असा एखादा छंद धरायला सांगितलं. त्यांनी कॅमेरा उचलला. त्या काळच्या रोलवर छत्तीस फोटो निघत आणि रोल बदलायला किनाऱ्यावर परत यावं लागे. ग्रॅनिसनी फळीला चिकटून बसणारी अशी पेटी तयार केली की पाण्यातच रोल बदलता यावा. २०११ मध्ये ते गेले, तोवर १९६० च्या दशकातलं कॅलिफोर्निया आणि हवाई जगाला त्यांच्याच फोटोंतून ओळखीचं झालं होतं.

आज एका सेकंदाला वीस फोटो काढणारे कॅमेरे बाजारात आहेत. तरी लाट वाचता येत नसेल तर हाती येतो तो फेस.

लाट वाचायची म्हणजे काय, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. दूर समुद्रात वाऱ्याने उठलेली लाट किनाऱ्याकडे येते तेव्हा तिचा तळ उथळ वाळूला घासू लागतो. खालचा भाग मंदावतो, वरचा पुढे रेटतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की लाट फुटते, म्हणजे मीटरभर लाट साधारण सव्वा मीटर पाण्यात. वाळूचा पट्टा कुठे आहे हे कळलं की लाट कुठे फुटणार हे कळतं आणि सर्फर तिथेच रांग धरून बसलेले दिसतात. लाटा एकेकट्या येत नाहीत. चार-सहा मोठ्या पाठोपाठ येतात, मग काही मिनिटं समुद्र शांत राहतो. पहिल्याच लाटेवर धाव घेणारा सहसा नवखा असतो. मुरलेले सर्फर तिला सोडून मागची घेतात. कॅमेराही तसाच मागच्या लाटेवर ठेवायचा.

मग एक सर्फर निवडायचा आणि त्याला सोडायचं नाही. तो जोरात हात मारतो, मागून पाणी उचलतं, तो फळीवर उभा राहतो. हा क्षण नवख्या फोटोग्राफरला मोहात पाडतो, पण चित्र म्हणून तो क्वचितच उभा राहतो. नंतर तो उताराच्या तळाशी येतो, गुडघे मुडपतो, एक हात पाण्याला टेकतो आणि मान वर करून लाटेच्या कडेकडे बघतो. ही मान वर झाली की बोट बटणावर दाबायचं. पुढच्या अर्ध्या सेकंदात तो कडेवर पोहोचतो, फळी झटक्यात वळवतो आणि तिच्या मागून पाण्याचा पंखा उडतो. तुषार सर्वांत उंच गेलेले असतात, फळीचा अर्धा भाग हवेत असतो आणि चेहरा खाली वळायच्या बेतात असतो, तो फोटो. पंखा दिसल्यावर बटण दाबणाऱ्याला तो मिळत नाही.

आपल्या भागातल्या शर्यतीच्या फोटोग्राफरांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र, कर्नाटक आणि तमिळनाडूचे कायदे वैध ठरवले, तेव्हापासून शर्यतींवरची टांगती तलवार गेली आणि सीमाभागात त्यांचे फोटो काढणाऱ्यांची एक तरुण फळी तयार झाली. बैल कुठे वळतील, गाडीवान कासरा कधी ओढेल, धूळ कुठल्या अंगाला जाईल हे त्यांना आधी कळतं. धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत, शटर सावकाश ठेवून, बैल स्पष्ट आणि मागची गर्दी रेघोट्यांसारखी असा फोटो ते सहज काढतात. हीच युक्ती पाण्यावर सेकंदाच्या तिसाव्या किंवा साठाव्या भागाने केली तर लाट निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची होते आणि सर्फर तेवढा ठसठशीत उरतो. बेळगावच्या कुस्तीच्या आखाड्याशी बसून ढाक किंवा धोबीपछाड नेमका पकडणाऱ्यालाही डाव बसण्याआधीची हालचाल ओळखायची सवय असतेच.

आता आपला किनारा. गोव्यात सर्फिंगसाठी प्रसिद्ध असा पिअर नाही. उत्तर गोव्यात हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या सलग पट्ट्यात सर्फिंग शिकवणारे आहेत आणि पावसाळा सरल्यापासून मेपर्यंत लाटा लहान, नवशिक्यांना झेपतील अशा असतात. पिअरची उणीव हरमलच्या उत्तर टोकाची खडकाळ टेकडी बरीचशी भरून काढते. तिथल्या वाटेवरून लाट तिरकी, थोडी वरून दिसते. भरतीच्या वेळी ओल्या खडकावर उतरण्याचा मोह मात्र टाळावा. जीवरक्षकाने हटकलं तर वाद घालत बसू नये.

खऱ्या अर्थाने स्पर्धेचा किनारा बघायचा तर आपल्याच कर्नाटकाच्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, मंगळूरजवळच्या मुल्कीला जावं लागतं. जॅक हेबनर या अमेरिकन साधूने २००४ मध्ये तिथे आश्रम आणि त्याच्याच जोडीला मंत्रा सर्फ क्लब सुरू केला. भारतातल्या सर्फिंगची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात. जवळच शांभवी आणि नंदिनी या नद्या ससिहित्लूला समुद्राला मिळतात. नद्यांनी आणलेल्या वाळूचे पट्टे मुखाशी साचतात आणि त्यांच्यावर लाटा नीट, एका बाजूने उलगडत फुटतात. इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही राष्ट्रीय स्पर्धा २०१६ मध्ये याच किनाऱ्यावर सुरू झाली. २०२३ मध्ये ती पणंबूरला झाली, २०२४ आणि २०२५ मध्ये पुन्हा ससिहित्लूला. ती भरते मेच्या अखेरीला किंवा जूनच्या आरंभी, पाऊस उंबरठ्यावर असताना, कारण तेव्हाच अरबी समुद्राला जोर चढतो. बेळगावहून एका रात्रीचा प्रवास आहे आणि लांब लेन्स असलेल्याने तो एकदा तरी करावा.

पश्चिम किनाऱ्याची एक मोठी सोय आहे, तिच्याकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही. सकाळी सूर्य जमिनीच्या बाजूने, म्हणजे फोटोग्राफरच्या पाठीमागून येतो आणि सर्फरवर, लाटेच्या उतारावर सरळ पडतो. त्याच वेळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहत असतात. ते लाटेला समोरून थोपवतात, उतार गुळगुळीत ठेवतात आणि कडेवरचे तुषार मागे उडवतात. ऊन चढलं की खारे वारे सुरू होतात आणि पाणी खरबरीत होतं. उजेड आणि वारा दोन्ही एकाच वेळी, सकाळच्या दोन-अडीच तासांत, फोटोग्राफरच्या बाजूला असतात. चेन्नईकडच्या किनाऱ्यावर उजेडाचं गणित उलटं असतं : तिथे सकाळी सूर्य समुद्रातून उगवतो, लाट पारदर्शक हिरवी उजळते आणि सर्फर काळा पडतो. आपल्याकडे तशी काळी आकृती संध्याकाळी मिळते.

धक्क्यावर किंवा बंधाऱ्यावर उभं राहायचं असेल तर आणखी एक हिशेब करावा लागतो. पश्चिम किनाऱ्यावरचा धक्का पश्चिमेला जातो, त्यामुळे त्याच्यावरचा माणूस उत्तरेकडे तरी बघतो किंवा दक्षिणेकडे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा उत्तरेकडच्या कठड्याशी उभं राहून उत्तरेकडच्या लाटा टिपायच्या. बेळगावात शून्य सावलीचा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्यानंतर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि हिशेब फिरतो.

भरती-ओहोटीसाठी कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करतात, ती आजही कामाची आहे. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. गावागणिक तास-अर्धा तास इकडे-तिकडे होतो, तेवढं ध्यानात ठेवायचं. प्रत्येक जागेची लाट एका ठरावीक पाण्याला चांगली फुटते आणि ते तिथल्या पोरांना विचारूनच कळतं. नेटवरचा तक्ता उघडण्याआधी जाळी दुरुस्त करत बसलेल्या माणसाशी दोन शब्द बोललेले बरे.

कॅमेऱ्याच्या बाबतीत फार सांगण्यासारखं नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा वेगवान शटर, शक्यतो सोळाशेवा किंवा दोन हजारावा भाग. फोकस सतत पाठलाग करणारा. पांढरा फेस बघून कॅमेरा गोंधळतो आणि सर्फरला अंधारात टाकतो, म्हणून एक्स्पोजर हाताने ठरवून टाकायचं आणि फेसातला पोत जळत नाही ना एवढं बघायचं. याचा सराव समुद्राविना होतो. गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते, तिथे पावसाळा ओसरल्यावर पांढऱ्या पाण्यासमोर उडणारे पारवे टिपून बघावेत. तिथे जमलं तर हरमलला जमतं. धक्क्यावर तिपाई शक्यतो नकोच, कारण खांबांवर लाट आदळली की सगळा धक्का थरथरतो. लेन्स कठड्यावर टेकवली तरी तीच थरथर फोटोत उतरते. कोपर अंगाशी धरून उभं राहणं किंवा एकपायी स्टँड, एवढं पुरतं.

जागा आणि जाण यांचं महत्त्व गेल्या काही वर्षांत सर्वांत ठळकपणे दिसलं ते ताहितीत. पॅरिस ऑलिंपिकमधलं सर्फिंग फ्रान्सपासून हजारो किलोमीटर दूर, तेआहूपोच्या लाटेवर झालं. २९ जुलै २०२४ रोजी ब्राझीलच्या गॅब्रिएल मेदिनाने ९.९० गुणांची लाट मारली आणि बाहेर पडताना तो हवेत उसळला. एक बोट वर, पायाला दोरीने बांधलेली फळी शेजारी उभी, खाली फेस, वर ढग. एएफपीचे जेरोम ब्रूइये यांनी होडीतून टिपलेला हा फोटो काही तासांत जगभर पोहोचला. ब्रूइये त्या लाटेच्या पाठीमागच्या अंगाला होते, मेदिना आत काय करतोय हे त्यांना दिसत नव्हतं. पण ते ताहितीतच राहणारे, ती लाट वर्षानुवर्षं बघितलेले. मोठी लाट मारल्यावर मेदिना बाहेर उसळी घेतो हेही त्यांना ठाऊक होतं. दिसण्याआधीच कॅमेरा त्या जागी रोखलेला होता. त्या क्षणाचे त्यांनी काढलेले फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आपल्याकडे अशी ओळख असलेले डोळे अजून थोडे आहेत आणि टिपण्यासारखं मात्र भरपूर घडतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. तो तयार झाला केरळच्या कोवळममध्ये. त्याच महाबलीपुरमची कमली मूर्ती लहानपणी फ्रॉक घालून, अनवाणी स्केटबोर्डवर उतरतानाच्या एका फोटोमुळे जगाला कळली. टोनी हॉक या नामवंत स्केटबोर्डपटूने तो फोटो पुढे पाठवला, तिच्यावर 'कमली' हा लघुपट झाला आणि २०२० मध्ये त्याला बाफ्टाचं नामांकन मिळालं. पुढे कमली सर्फिंगमध्येही नावारूपाला आली. एका फोटोने एका मुलीसाठी आणि तिच्या खेळासाठी केवढं काम केलं, हे यातून दिसतं.

म्हणूनच फोटो काढताना समोरच्या माणसाचा मान राखणं हा या कामाचाच भाग समजायला हवा. लांब लेन्समुळे पोहण्याच्या कपड्यांतल्या अनोळखी बाया-मुलांचे फोटो नकळत काढता येतात. ते काढू नयेत. सर्फर पाण्यात उतरण्याआधी त्याच्याशी, मुलं असतील तर त्यांच्या प्रशिक्षकाशी आणि पालकांशी बोलून घ्यावं. बंदराच्या हद्दीतल्या बंधाऱ्यावर परवानगीशिवाय कॅमेरा काढू नये आणि कारवारच्या नौदल तळाच्या आसपास तर लेन्स पिशवीतच ठेवावी. खाऱ्या हवेत लेन्स बदलू नये. मुक्कामी परतल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने कॅमेरा पुसावा, मीठ वाळलं की बटणं धरतात.

आणि फोटो परत द्यावेत. सर्फरला स्वतःची फेरी दिसत नसते. गुडघा किती वाकला होता, नजर कुठे होती, मागचा पाय फळीच्या टोकापासून किती पुढे सरकला होता, हे त्याला प्रशिक्षक ओरडून सांगतो, पण पटतं ते डोळ्यांनी बघितल्यावर. धक्क्यावरून, बाजूने काढलेली आठ-दहा फोटोंची मालिका या कामाला फार उपयोगी पडते, कारण तिच्यात शरीराचा कल आणि लाटेचा कल दोन्ही दिसतात. मुल्की किंवा हरमलच्या शिकाऊ पोरांपैकी बहुतेकांकडे असे फोटो नसतात. बेळगाव-निपाणीच्या एखाद्या फोटोग्राफरने हंगामात दोन-तीनदा जाऊन, एकाच जागेवर, त्याच पोरांचे फोटो काढून त्यांच्या प्रशिक्षकाला पाठवले, तर ऑक्टोबरात तोल सांभाळत उभं राहणारं पोर मेपर्यंत कडेवर कसं वळायला लागलं याची नोंद तयार होईल.